हाडांच्या तपासणीसाठी रक्त द्यावं की लाळ?

हाडं सतत झिजतात आणि नव्याने बांधलीही जातात. झिजेचा अंदाज सीटीएक्सवरून येतो, म्हणजे हाड झिजताना सुटणाऱ्या प्रथिनाच्या तुकड्यावरून; बांधणीचा पी१एनपीवरून, म्हणजे नवं हाड बनताना सुटणाऱ्या तुकड्यावरून. दोन्ही रक्तात मोजतात. सीटीएक्ससाठी सकाळी उपाशीपोटीच जावं लागतं. नाश्ता करून गेलात तर आकडा उगाच कमी दिसतो.

लाळेची ओढ मला समजते. सुई नाही, नमुना घरीही घेता येतो. म्हाताऱ्या माणसांची शीर सापडत नाही, हात काळानिळा होतो, ते बघवत नाही. पण हे घटक लाळेत फारच कमी उतरतात. अल्कलाइन फॉस्फेटेज हे हाडांच्या बांधणीशी जोडलेलं एन्झाइम, पण हिरड्या सुजलेल्या असतील तर ते तिथूनच मिसळतं. ब्रश करताना रक्त आलं तरी नमुना बिघडतो. काही औषधांनी तोंड कोरडं पडतं, लाळच पुरेशी सुटत नाही. मग आलेला आकडा हाडांचा म्हणायचा की तोंडाचा? कॉर्टिसॉल हे ताणाशी जोडलेलं हार्मोन लाळेत मोजतात, हे खरं. पण तो छोटा रेणू, सहज झिरपतो. हाडांची प्रथिनं त्याहून बरीच मोठी.

म्हणून हाडांचं औषध लागू पडतंय का हे बघायला आज तरी रक्तच द्यावं. ऑस्टिओपोरोसिसचं, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराचं निदान मात्र रक्तावरूनही होत नाही आणि लाळेवरूनही नाही, त्यासाठी सहसा डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी करावी लागते.