पुट ऑफ की कॉल ऑफ?

ह्या दोघांत गोंधळ झाला की समोरच्याचा अख्खा दिवस वाया जाऊ शकतो, म्हणून फरक नीट कळायलाच हवा. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं, कॉल ऑफ म्हणजे सरळ रद्द. 2020 आठवा ना, कोरोनामुळे टोकियो ऑलिम्पिक पुट ऑफ झालं आणि 2021 मध्ये झालंही, पण विम्बल्डन त्या वर्षी कॉल ऑफ केलं, म्हणजे 2020 चं विम्बल्डन झालंच नाही, दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच.

वापरात दोघं बरेचसे सारखे. 'इट' मध्येच येतं, पुट इट ऑफ, कॉल इट ऑफ. 'कॉल ऑफ इट' कानाला कितीही बरं वाटलं तरी चूकच.

पण पुट ऑफचा पसारा मोठा आहे बरं का. कंटाळ्याने किंवा भीतीने काम टाळत राहणं हेही त्यातच येतं, आणि तिथे पुढचं क्रियापद आयएनजी लावूनच येतं: आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट, इथे 'टू गो' नाही चालत. शिवाय मन उडणं: द स्मेल पुट मी ऑफ, वासानेच जेवायची इच्छा गेली. कॉल ऑफचं एवढं नाही, ठरलेलं लग्न मोडलं, संप मागे घेतला, शोधमोहीम थांबवली, बस.

ऑफिसच्या मेलमध्ये पुट ऑफ लिहिलंत तर 'अनटिल फ्रायडे' वगैरे नवी तारीखही टाकाच, नाहीतर लोक विचारत बसतात.