डाइव्ह किट निर्जंतुक करायला काय घ्यावं: ब्लीच, लायझॉल, व्हरकॉन की भांड्यांचा साबण?

फ्लोरिडा किंवा मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर वापरलेलं डायव्हिंगचं किट दुसऱ्या पाण्यात नेण्याआधी, तिथला प्रवाळांचा रोग सोबत जाऊ नये म्हणून निर्जंतुक करायचं, तर एका बाटलीत भागत नाही. फिन्सना, म्हणजे पायातल्या वल्ह्यांना जे चालतं ते श्वास घ्यायच्या रेग्युलेटरची वाट लावतं. रेग्युलेटरला जे सोसतं ते बीसीडीच्या, म्हणजे तरंगायला हवा भरायच्या जॅकेटच्या आतल्या ओल्या पिशवीला पुरत नाही. खाली चार द्रव्यांची पारख केली आहे. चारही सहज मिळणारी आहेत आणि चौघांचीही कुठे ना कुठे गोची होते.

आधी शत्रू कोण ते. स्टोनी कोरल टिश्यू लॉस डिसीज हा प्रवाळांचा रोग 2014 साली मायामीजवळ व्हर्जिनिया कीच्या आसपास पहिल्यांदा दिसला. 2018 मध्ये तो मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर होता, 2023 मध्ये बोनेअर आणि कुरासाव बेटांवर पोचला. वीसहून जास्त जातींच्या कठीण प्रवाळांना तो धरतो. खांबासारखे उभे वाढणारे आणि मेंदूसारख्या घड्यांचे प्रवाळ सगळ्यात आधी जातात, काही आठवड्यांत अख्खी वसाहत संपते. सांबरशिंगासारखे फांद्यांचे अॅक्रोपोरा मात्र यातून सुटतात. पाणी तापून प्रवाळ पांढरं पडतं, त्या ब्लीचिंगशी याची गल्लत करू नका. ब्लीचिंगमध्ये प्रवाळ पांढरं पडलं तरी त्यावर जिवंत पारदर्शक थर असतो. इथे मांसच सुटून जातं, कडेला फाटल्यासारख्या चिंध्या लोंबतात आणि खाली कोरा सांगाडा उघडा पडतो.

रोगाचं नेमकं कारण अजून पक्कं सापडलेलं नाही. जखमेवर अमॉक्सिसिलिनचा लेप लावला की बऱ्याचदा ती थांबते, म्हणजे जिवाणूंचा हात आहे. पण प्रवाळाच्या आत राहणाऱ्या शैवालातल्या विषाणूवरही संशय आहे. म्हणून द्रव्य निवडताना ते फक्त जिवाणू मारतं की विषाणूही, हे बघायलाच हवं. आणि हेही खरं, की रोग पसरवण्यात डायव्हर एकटा नाही. तो प्रवाहाबरोबर पाण्यातून पसरतो, जहाजं तोल राखायला भरून घेतात त्या बॅलास्ट पाण्यावरही संशय आहे. पण जहाज आपल्या हातात नाही, बूट आहेत.

ब्लीच. फ्लोरिडातल्या सूचनांत फिन्स, पाण्याखाली लिहायच्या स्लेट, मोजपट्ट्या, हत्यारं अशा दणकट सामानासाठी 1 टक्क्याचं द्रावण आणि निदान 10 मिनिटं असं सांगितलेलं असतं. आपल्याकडे हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) म्हणून जे मिळतं त्याचं लेबल वाचा. 5 टक्क्यांचं असेल तर 1 भाग हायपोला 4 भाग पाणी. 10 टक्क्यांचं असेल तर 1 भागाला 9 भाग. अंदाजपंचे धार सोडू नका. जिवाणू आणि विषाणू दोन्हींवर चालतं आणि स्वस्त आहे, पण नखरे पुष्कळ. वाळू, शेवाळ, चिखल असला की क्लोरीन त्यातच खर्ची पडतं, किटपर्यंत पोचतच नाही. उन्हात ठेवलेलं द्रावण मरतं, त्यामुळे रोज ताजं करावं लागतं. वेटसूटचं निओप्रिन रबर, नायलॉनचे पट्टे आणि क्रोम चढवलेलं पितळ त्याने खराब होतं. बाथरूमच्या आम्लवाल्या क्लीनरबरोबर मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. विमानातही नेता येत नाही. फिन्स आणि हत्यारांसाठी घ्या, बाकी सामानापासून लांब ठेवा.

क्वाट, म्हणजे बेन्झाल्कोनियम क्लोराइडवालं जंतुनाशक. अमेरिकेत लायसॉल, इथे लायझॉल. वेटसूट, बूट, ग्लोव्हज आणि बीसीडीसाठी हाच पहिला पर्याय. रबर आणि कापडाशी चांगलं जमवून घेतं, वासही सुसह्य. तिकडच्या सूचनांत 6.6 टक्के द्रावण असतं, म्हणजे लिटरभर द्रावणात 66 मिलि. पण ती मात्रा तिकडच्या उत्पादनाची. इथल्या बाटलीतली तीव्रता वेगळी असू शकते, म्हणून लेबलावर निर्जंतुकीकरणासाठी दिलेली मात्रा घ्या. फरशी पुसायची मात्रा कमी असते, ती इथे उपयोगाची नाही. डेटॉल या गटात बसत नाही. त्यात क्लोरोझायलेनॉल आहे, शिवाय पाइन तेलाचा वास वेटसूटमधून जाता जात नाही. क्वाटची कमजोर बाजू अशी, की बाहेर चरबीचं आवरण नसलेल्या विषाणूंवर ते लंगडं पडतं. दुसरी अडचण जास्त लोकांना गाठते. भांड्यांच्या साबणाने ते निकामी होतं. आधी साबणाने धुतलेला सूट नीट न खळखळता क्वाटमध्ये बुडवला, तर ती सगळी मेहनत पाण्यात.

बीसीडीची आतली पिशवी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. बाहेरून कोरडा ठणठणीत दिसणारा बीसीडी आतून कित्येक दिवस ओला राहतो. तोंडाने फुगवायच्या नळीतून अर्धा लिटर क्वाटचं द्रावण आत ओता, बीसीडी पूर्ण फुगवा, सगळ्या बाजूंनी उलटापालटा करा आणि 10 मिनिटं ठेवा. मग खालच्या, हवा सोडायच्या डम्प व्हॉल्व्हमधून काढा. गोडं पाणी भरून दोनदा खळखळा. व्हॉल्व्हची जाळी तपासा, वाळू तिथेच अडकते. शेवटी अर्धवट फुगवून सावलीत टांगा.

व्हरकॉन. पोल्ट्रीवाल्यांना हे नाव नवीन नाही, कोंबड्यांच्या औषधांच्या दुकानात व्हरकॉन एस मागा. लिटरला 10 ग्रॅम पूड टाकली की 1 टक्क्याचं गुलाबी द्रावण तयार. पोटॅशियम पेरोक्सीमोनोसल्फेट हा त्यातला मुख्य घटक, त्यामुळे जिवाणू आणि विषाणू दोन्हींवर याची पकड क्वाटपेक्षा भक्कम. रंग उतरला की द्रावण फेकायचं, इतकी सोपी खूण बाकीच्या तिघांत नाही. पण ते धातूला खातं. 10 मिनिटं म्हणजे 10 मिनिटंच, मग लगेच भरपूर गोड्या पाण्यात. रेग्युलेटर यात घालूच नका. पूड कालवताना मास्क आणि हातमोजे हवेत, ती नाकाडोळ्यांना झोंबते. गट करून बोटीवर जाणाऱ्या क्लबसाठी चौघांत हेच उत्तम, एकट्यादुकट्याला डबा मोठा पडतो.

भांड्यांचा जंतुनाशक साबण. रेग्युलेटर, कॉम्प्युटर, गेज आणि कॅमेऱ्याच्या हाउसिंगसाठी फक्त हाच. कोमट गोड्या पाण्यात अर्धा टक्का, म्हणजे लिटरला 5 मिलि. याहून जास्त घातला तर फेसच वाढतो. हा साबण जंतू मारण्यापेक्षा ते धुऊन काढतो, तेवढीच त्याच्याकडून अपेक्षा ठेवा. रेग्युलेटर भिजवताना पहिल्या स्टेजची, म्हणजे सिलिंडरला लागणाऱ्या भागाची डस्ट कॅप कोरडी करून घट्ट बसवा आणि दुसऱ्या स्टेजचं, म्हणजे तोंडात धरायच्या भागाचं पर्ज बटण दाबू नका. दाबलंत तर पाणी होजमधून थेट पहिल्या स्टेजपर्यंत जातं आणि सर्व्हिसिंगचा खर्च बोकांडी बसतो. सिलिंडरला जोडून, हवा चालू ठेवून धुतलं तर ही भीतीच नाही.

चौघांपैकी काहीही वापरा, आधीची धुलाई चुकवू नका. बुटांची चेन उघडून आतली वाळू काढा, फिन्सच्या बकलमागे नखाने खरवडा, खिसे उलटे करा. प्रयोगशाळेत गाळातूनही हा रोग निरोगी प्रवाळांपर्यंत पोचलेला आहे. त्यामुळे खिशातली चिमूटभर वाळू ही सुद्धा सामानातच धरा.

डाइव्ह शॉपच्या पिंपाला मात्र आमच्याकडून भोपळा. सकाळी भरलेल्या एकाच पिंपात वीस जणांचं किट बुचकळलं, की दुपारपर्यंत ते सगळ्यांच्या किटचं एकत्र सूप होतं. त्यात चार झाकणं लायझॉल ओतून ते सुधारत नाही. वाहत्या पाण्याचा पाइप मागा, किंवा आपली बादली न्या. भाड्याचं किट घेताना कशाने धुता आणि किती मिनिटं बुडवता, हे विचारायला लाजू नका. दोन्हींचं उत्तर आकड्यात आलं तरच तिथलं किट घ्या. मालवण, नेत्राणी, गोव्याचं ग्रँड आयलंड कुठेही हाच निकष.

दिवसाचा क्रमही याच हिशेबाने लावावा. आधी निरोगी जागा, रोगट जागा शेवटी. दोन डाइव्हच्या मधे 10 मिनिटं भिजवायला बोटीवर जागा नसेल तर एवढं तरी पाळता येतं, आणि त्याला दमडी लागत नाही. फ्लोरिडात रोगट प्रवाळ दिसलं तर हात न लावता फोटो काढून जागेसकट सीफॅन या नोंदणी व्यवस्थेला कळवता येतं.

वापरलेलं द्रावण बोटीवरून समुद्रात ओतू नका, पावसाच्या पाण्याच्या गटारातही नाही. क्वाट जलचरांना फार विषारी असतं. झाकणाच्या डब्यात भरून किनाऱ्यावर आणा आणि सांडपाण्याच्या लाइनला जोडलेल्या मोरीत किंवा संडासात रिकामं करा. व्हरकॉनची पूड प्रवासात न्यायची असेल तर आधी विमान कंपनीला विचारा, ऑक्सिडायझर म्हणून ती अडवली जाऊ शकते. सगळ्यात सुटसुटीत म्हणजे परतीच्या आदल्या दिवशी तिथेच लायसॉल आणि साबण विकत घेऊन हॉटेलच्या टबात काम उरकणं. किट पूर्ण वाळायला एक दिवस हवाच, म्हणून शेवटची डाइव्ह विमानाच्या आदल्या सकाळी संपवा. डाइव्हमध्ये शरीरात साठलेला नायट्रोजन विमानात बसण्याआधी बाहेर पडायला लागणारा वेळही त्याच हिशेबात बसतो.