कफ सुटण्यासाठीचे पोलादी गोळीचे उपकरण: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

छातीतला कफ सुटावा म्हणून तोंडाने फुंकायचे एक लहानसे उपकरण मी गेल्या श्रावणात मिरजेतील वैद्यकीय साहित्याच्या एका दुकानातून ९५० रुपयांना विकत घेतले आणि तेव्हापासून दिवसातून दोनदा, सकाळी न्याहारीच्या आधी आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास, ते वापरत आले आहे. नऊ महिन्यांच्या अनुभवानंतर माझे मत असे आहे की उपकरण गुणकारी आहे आणि किमतीच्या मानाने स्वस्तही आहे, परंतु शिकवणारे माणूस नसेल तर त्याचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. ही दुसरी गोष्ट मला दुकानात कोणी सांगितली नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

तिशीत मला क्षयरोग झाला होता. औषधे पूर्ण केली, जंतू गेले, पण डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागातील श्वासनलिका कायमच्या रुंद आणि सैल झाल्या. या विकाराला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही. भारतातील ३१ केंद्रांमधील २,१९५ रुग्णांची जी नोंद २०१९ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात या विकाराचे सर्वांत मोठे कारण पूर्वी होऊन गेलेला क्षयरोग हेच आढळले, आणि त्याचे प्रमाण ३५.५ टक्के होते. निरोगी श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला असलेले सूक्ष्म केस कफाला सतत घशाकडे सरकवत असतात. रुंद झालेल्या नलिकेत हे केस नष्ट झालेले असतात, कफ तिथेच साचतो, त्यात जंतू वाढतात आणि त्या जंतूंमुळे नलिका आणखी खराब होते. जोरात खोकले की कफ पडेल ही आपली समजूत इथे उलटी पडते, कारण सैल झालेली नलिका खोकल्याच्या दाबाने मिटते आणि कफ तिच्या मागेच अडकून राहतो. खोकून खोकून बरगड्या दुखतात, धाप लागते, आणि हाती येते ती निव्वळ लाळ.

उपकरण घेण्याचे तातडीचे कारण थुंकीचा नमुना हे होते. गेल्या आषाढात ताप आला, कफाचा रंग पांढऱ्याचा हिरवा झाला आणि डॉक्टरांनी थुंकीची तपासणी सांगितली. एका प्रयोगशाळेत मी दोन दिवस लागोपाठ नमुना दिला. पहिल्याचा अहवाल ‘तोंडातील नेहमीचे जंतू आढळले’ असा आला. दुसरा नमुना लाळ आहे म्हणून परत केला गेला. त्यामुळे छातीत नेमका कोणता जंतू आहे हे कळलेच नाही आणि प्रतिजैविक अंदाजाने द्यावे लागले. तिथल्या काउंटरवर मला डबी देताना ‘यात थुंका’ एवढेच सांगण्यात आले होते. माझ्यासारख्या, ज्यांचा कफ मुळातच सुटत नाही अशा रुग्णांना एवढी सूचना पुरत नाही, आणि पहिला अहवाल लाळेचा आहे हे स्पष्ट न लिहिता तो तसाच दिला गेला याचे मला आजही वाईट वाटते. त्या अहवालावरून कोणीही छाती स्वच्छ आहे असा निष्कर्ष काढला असता.

आता उपकरणाविषयी. आकाराने ते जुन्या काळच्या ओढायच्या पाइपसारखे आहे. त्याच्या वाटीत प्लॅस्टिकचे एक नरसाळे, नरसाळ्यात पोलादाची एक जड गोळी आणि वर भोके असलेले झाकण असते. आपण फुंकले की गोळी वर उचलली जाते, वजनाने पुन्हा खाली येते आणि सेकंदाला अनेक वेळा असे होत राहते. यातून दोन गोष्टी साधतात: गोळीच्या अडथळ्यामुळे श्वासनलिकांमध्ये मागे दाब राहतो आणि त्या मिटत नाहीत, तर हवेच्या सततच्या कंपाने नलिकेच्या भिंतीला चिकटलेला कफ ढिला होतो. तत्त्व इतके सरळ आहे की त्यात विजेची किंवा सुट्या महागड्या भागांची गरजच नाही. ही रचना मूळची स्वित्झर्लंडमधील फ्लटर या उपकरणाची. माझ्याकडचे उपकरण त्याच धर्तीवर बनवलेले आहे.

पहिले पंधरा दिवस मला काहीही फरक पडला नाही. खोक्यातील पत्रक फक्त इंग्रजीत होते, त्यातील चित्र पाहून मी फुंकत होते, गोळी खडखडत होती आणि कफ होता तिथेच होता. शेवटी डॉक्टरांनी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवले. मिरजेत छातीचे डॉक्टर शोधावे लागत नाहीत, मात्र छातीची फिजिओथेरपी मन लावून शिकवणारे कोणी आहे हे मला तोवर ठाऊक नव्हते. तीन बैठका झाल्या, प्रत्येकी ४०० रुपये पडले, आणि माझ्या दृष्टीने हे १,२०० रुपये उपकरणाच्या किमतीपेक्षा अधिक मोलाचे ठरले.

पहिल्याच बैठकीत चुका कळल्या. फुंकताना माझे गाल फुगत होते, त्यामुळे सगळा कंप गालातच जिरत होता. गाल बोटांनी आत दाबून धरताच तो छातीत उतरला. दुसरी चूक कोनाची होती. या प्रकारात गोळी गुरुत्वाकर्षणावर चालते, म्हणून उपकरण वर कलले की कंप जलद होतो आणि खाली कलले की मंद. बाईंनी माझा तळहात डाव्या बरगड्यांच्या खालच्या भागावर ठेवायला लावला आणि थरथर सर्वांत जास्त जाणवेल तो कोन शोधायला सांगितले. तो आडव्यापेक्षा किंचित वर होता. तिसरी चूक श्वासाची. मी फुग्यात हवा भरावी तशी जोराने फुंकत होते. खरी पद्धत अशी की सावकाश खोल श्वास घ्यायचा, दोन-तीन सेकंद रोखून धरायचा आणि मग नेहमीच्या उच्छ्वासापेक्षा जरासाच वेगाने तो उपकरणातून सोडायचा. असे आठ-दहा श्वास झाले की उपकरण बाजूला ठेवून हफ करायचे.

हफ हा या सगळ्याचा गाभा आहे. चष्म्याच्या काचेवर वाफ धरताना आपण घसा उघडा ठेवून ‘हा’ करतो, तसाच पण पोटाच्या स्नायूंनी रेटलेला तो उच्छ्वास असतो. मी सवयीने खोकायला लागले की बाई थांबवत आणि म्हणत, “काकू, खोकू नका. कफ अजून खाली आहे, त्याला आधी वर येऊ द्या.” मध्यम श्वास घेऊन लांबवर सोडलेला हफ खोल भागातला कफ हलवतो, तो वर आल्याची घरघर जाणवली की मग मोठा श्वास घेऊन छोटा, जोरकस हफ करायचा, आणि अगदी शेवटी एकदाच खोकायचे. मध्ये-मध्ये खांदे सैल सोडून शांतपणे श्वास घ्यायचा, नाहीतर छाती आवळून येते. चौथ्या दिवशी सकाळी अर्धी वाटी कफ पडला आणि त्या दिवशी मी दोन जिने न थांबता चढले.

क्रमही तितकाच महत्त्वाचा आहे. माझ्यासाठी आधी श्वासनलिका मोकळी करणाऱ्या औषधाचे दोन झटके, पंधरा मिनिटांनी नेब्युलायझरमधून ३ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा, मग उजव्या कुशीवर आडवे होऊन काही श्वास, नंतर उठून बसून उपकरण आणि हफ, असा क्रम ठरला आहे. तीव्र मिठाचे पाणी कफात पाणी ओढून तो पातळ करते, पण काहींच्या श्वासनलिका त्याने आवळतात, म्हणून आधीचे औषध चुकवायचे नाही आणि पहिला फवारा दवाखान्यातच घ्यायचा. श्वासावाटे तोंडाने ओढायची प्रतिजैविके किंवा स्टेरॉइडचे पंप ज्यांना आहेत त्यांनी ती औषधे कफ काढून झाल्यावर घ्यावीत, असे मला सांगण्यात आले. नाहीतर औषध कफावरच बसते.

पौष महिन्यात पुन्हा ताप आला आणि खरी परीक्षा झाली. या वेळी मी प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधी नमुना देण्याचा आग्रह धरला. याला दोन कारणे आहेत. औषध पोटात गेले की प्रयोगशाळेत जंतू वाढत नाहीत. शिवाय अशा वेळी सर्रास दिली जाणारी लेव्होफ्लॉक्सॅसिनसारखी औषधे क्षयाच्या जंतूंनाही अर्धवट दाबून टाकतात आणि क्षय उलटला असल्यास तो लपून राहतो. माझ्यासारख्या, पूर्वी क्षय झालेल्या माणसाला ही जोखीम परवडणारी नाही.

आदल्या रात्री भरपूर पाणी प्यायले. पहाटे काही न खाता उकळून गार केलेल्या पाण्याने चूळ भरली. नळाचे पाणी वापरले नाही, कारण नळाच्या पाण्यात क्षयाच्या कुळातले पण क्षय न करणारे जंतू असू शकतात आणि ते नमुन्यात गेले की अहवाल गोंधळात टाकतो. जंतुनाशक माउथवॉशही वापरला नाही. मग गच्चीवर गेले. थुंकीचा नमुना नेहमी मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर द्यावा. बंद खोलीत, विशेषतः प्रयोगशाळेच्या स्वच्छतागृहात, कधीही देऊ नये, कारण खोकल्यातून उडणारे जंतू तिथल्या हवेत टिकून राहतात. फवारा, उपकरण, हफ असा नेहमीचा क्रम केला आणि घशात साचलेली लाळ आधी थुंकून टाकून, खालून आलेला घट्ट, हिरवट बेडका तेवढा डबीत घेतला. तीन वेळा मिळून साधारण पाच मिलिलिटर जमले. डबीच्या तोंडाला आतून हात लावला नाही आणि तासाभरात ती पोहोचवली. दोन तासांपेक्षा उशीर होणार असेल तर नमुना फ्रिजमध्ये, खाण्याच्या वस्तूंपासून वेगळा, ठेवावा लागतो. उन्हात स्कूटरच्या डिकीत राहिलेल्या डबीत तोंडातले जंतू भराभर वाढतात.

अहवालाच्या पहिल्या ओळीत या वेळी भिंगाखालील प्रत्येक क्षेत्रात २५ पेक्षा जास्त पू-पेशी आणि तोंडाच्या त्वचेच्या पेशी १० पेक्षा कमी असे लिहिले होते. म्हणजे नमुना खरोखर छातीतला होता. रुग्णांनी अहवालातील ही ओळ वाचायला शिकावे, कारण खाली काहीही लिहिलेले असले तरी त्याला किती वजन द्यायचे हे तीच ठरवते. तिसऱ्या दिवशी स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जंतू आढळल्याचे कळले. हा जंतू अनेक नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाही आणि तो पहिल्यांदा सापडतो तेव्हाच नेटाने उपचार करावे लागतात. आषाढात दिलेले औषध त्याच्यावर चालणारे नव्हतेच. क्षयाची सीबीनॅट तपासणी (थुंकीत क्षयाच्या जंतूचे जनुक शोधणारी) सरकारी केंद्रात विनामूल्य झाली आणि क्षय नसल्याचे निघाले. क्षयाच्या कल्चरचा, म्हणजे नमुन्यातून जंतू वाढतात का हे पाहणाऱ्या तपासणीचा, अहवाल यायला सहा आठवडे लागले, तोही निगेटिव्ह आला. ते सहा आठवडे फार जड गेले.

उपकरणातील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. इंग्रजी पत्रकाचा उल्लेख वर आलाच आहे. नरसाळ्याच्या खाचेत वाळलेला कफ अडकतो आणि तो नखाने निघत नाही. मी लहान मुलांचा मऊ दातब्रश त्यासाठी ठेवला आहे. रोज साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्याने खळबळून, पूर्ण कोरडे करून ठेवावे लागते, कारण ओलसर राहिले तर त्यातच जंतू वाढतात. आडवे झोपून ते नीट चालत नाही, गोळीचा प्रश्न येतो. ज्यांना बसणे अवघड आहे किंवा ज्यांच्या हाताला कंप आहे, त्यांनी अकापेलासारखे चुंबकावर चालणारे उपकरण पाहावे. ते कोणत्याही कोनात चालते, पण किंमत माझ्या उपकरणाच्या काही पटींनी जास्त आहे. एरोबिका या कॅनडाच्या उपकरणाला नेब्युलायझर जोडता येतो आणि वेळ वाचतो, असे वापरणाऱ्यांकडून ऐकले आहे. मी स्वतः ते वापरलेले नाही.

छातीत हवा साचून फुप्फुस दबलेले असेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, तर यातले कोणतेही उपकरण डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. फाल्गुनात एका सकाळी माझ्या कफात रक्ताची रेघ दिसली. मी उपकरण आणि मिठाचा फवारा दोन्ही थांबवले, डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे आठ दिवसांनी कमी श्वासांपासून पुन्हा सुरुवात केली.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलेल्या सूचना मी मराठीत एका पानावर लिहून काढल्या, त्यांच्याकडून तपासून घेतल्या आणि ते पान दुकानदारांना नेऊन दिले. त्यांनी त्याच्या प्रती काढल्या आहेत आणि आता हे उपकरण घेणाऱ्या प्रत्येकाच्या खोक्यात ते एक प्रत ठेवतात.