कोळीवाड्यासाठी ‘आर्थिक परिणाम अभ्यास’: सल्लागाराचं पॅकेज कितपत कामाचं?

पुनर्विकासाचा किंवा शेजारच्या मोठ्या प्रकल्पाचा विषय निघाला की ‘सामाजिक-आर्थिक परिणाम अभ्यास’ करून देणारे सल्लागार हजर होतात. मुंबईतल्या अशाच एका कंपनीच्या पॅकेजचं हे परीक्षण. नाव देत नाही, कारण बाजारातली बरीच पॅकेजं याच साच्यातली आहेत. यात घरोघरी सर्वेक्षण, जमिनीच्या व्यवहारांचा आढावा, रोजगाराचा अंदाज आणि जाडजूड इंग्रजी अहवाल मिळतो. ५ पैकी अडीच गुण.

चांगलं आधी. जमिनीच्या किमतींचं काम नीट आहे. इंडेक्स-२ मध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराच्या सरकारी गोषवाऱ्यात, ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन आकडे असतात. पहिला व्यवहारात लिहून दिलेला, दुसरा रेडी रेकनरवरून, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दरांवरून काढलेला. हे दोन एकत्र मिसळले की सरकारने दर वाढवल्याचीच नोंद ‘विकासामुळे किमती वाढल्या’ म्हणून छापली जाते. इथे दोन्ही वेगळे ठेवलेत.

भाड्याच्या बाबतीत मात्र घसरगुंडी. फक्त नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार धरलेत. कायद्याने नोंदणी सक्तीची असली तरी माडीवरची खोली तोंडी बोलीवर देणं सर्रास चालतं. घर पाडलं की हेच उत्पन्न सगळ्यात आधी बंद होतं, आणि अहवालात ते मुळात नाहीच.

खरी गडबड सर्वेक्षणात आहे. सरसकट १० टक्के नमुना. ३०० घरांची वस्ती धरा: ३० घरं येतील, त्यात होडीमालक जेमतेम तीन-चार आणि सुक्या मासळीवर घर चालवणारी बाई कदाचित एकही नाही. अशा ठिकाणी आधी सगळ्या घरांची यादी करून होडीमालक, खलाशी, मासळी विकणाऱ्या, नोकरदार आणि भाडेकरू असे गट पाडायचे, आणि लहान गटातली सगळीच्या सगळी घरं घ्यायची. शिवाय प्रश्न कुटुंबप्रमुखाला विचारलेत. मासळीच्या विक्रीचा हिशेब बायकांकडे असतो. घरच्या पुरुषाला विचारून मासळीच्या एका पाटीमागे किती पैसे सुटतात ते कळणार कसं?

हंगामाचंही तेच. जून-जुलैत सरकारी बंदीमुळे यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत फॉर्म भरले तर उत्पन्न शून्याजवळ दिसतं आणि नुकसानभरपाईचा पायाच खचतो. मे महिन्यात भरले तर आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, सुक्या मासळीची विक्री आकडा फुगवते. हंगामात एकदा आणि बंदीत एकदा, अशा किमान दोन फेऱ्या हव्यात. पॅकेजमध्ये एकच आहे.

तुलनेसाठी वॉर्डाची सरासरी वापरलीय. हे तर हसण्यासारखं. मुंबई महापालिकेच्या जी-दक्षिण वॉर्डात वरळी कोळीवाडाही येतो आणि लोअर परळचे टॉवरही. त्या सरासरीत ना कोळी दिसतो ना टॉवरवाला. तुलना करायची तर त्याच पद्धतीची मासेमारी करणाऱ्या, पण प्रकल्प न आलेल्या दुसऱ्या कोळीवाड्याशी. वेसाव्याच्या (वर्सोव्याच्या) मोठ्या बोटी आणि वरळीच्या छोट्या होड्या एका तक्त्यात टाकूनही चालणार नाही.

‘बाधित’ म्हणजे ज्याची जमीन गेली तो, ही व्याख्याही अपुरी. कोस्टल रोडच्या वेळी वरळीच्या कोळ्यांचा झगडा पुलाच्या खांबांमधल्या अंतरासाठी होता, कारण होड्यांची वाट तिथूनच जाते. ६० मीटरचं अंतर पुढे १२० मीटर करावं लागलं. घरांपुरत्या सर्वेक्षणात हा मुद्दा आलाच नसता. होड्यांची वाट, जाळी विणायची आणि बोंबील वाळवायची मोकळी जागा नकाशावर मोजून घ्या. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर कुणाचं नाव नसलं तरी कमाई तिथूनच येते.

रोजगाराचं प्रकरण सरळ वगळा. बांधकामाच्या खर्चाला ठोक गुणांक लावून नोकऱ्या ‘निर्माण’ केल्यात. मजूर आणि साहित्य बाहेरून येणार असेल तर वस्तीत किती पैसा राहतो, याचा हिशेब कुठेच नाही.

तरीही घ्यायचंच असेल तर करारात चार गोष्टी लिहून घ्या: प्रश्नावली आधी दाखवणं, दोन हंगामांत फेऱ्या, नावं काढून टाकलेला मूळ डेटा एक्सेलमध्ये, आणि मराठी मसुद्याचं कोळी जमातीच्या सभेत वाचन. शेवटचा हप्ता त्या वाचनात निघालेल्या दुरुस्त्या झाल्यावरच द्यायचा.