फिनिक्सची अंतिम शर्यत: डोळे ट्रॅकवर कमी, पिट रोडवर जास्त ठेवा

शर्यत म्हणून पाचपैकी तीन गुण, निकालाच्या थरारासाठी साडेचार. नॅस्कार कप या अमेरिकेतल्या मोटार-शर्यतींच्या मालिकेचा शेवट 2020 ते 2025 अशी सहा वर्षं ॲरिझोनातल्या ॲव्हनडेलमध्ये, फिनिक्स रेसवेवर झाला. त्या शर्यतीचा हिशोब मांडायचा तर असे दोन वेगळे आकडेच द्यावे लागतात. मधल्या दोनशे लॅप कंटाळा आणतात आणि शेवटच्या दहा लॅप श्वास रोखून धरतात. तिकीट घेणाऱ्याला हे आधी माहीत असलेलं बरं.

ट्रॅक एक मैलाचा आहे आणि शर्यत 312 लॅपची, म्हणजे साधारण 500 किलोमीटरची. पहिल्या-दुसऱ्या वळणाला आठ-नऊ अंशांचा कल, तिसऱ्या-चौथ्याला दहा-अकरा. टॅलाडेगा ट्रॅकच्या 33 अंशांपुढे हा जवळजवळ सपाटच. त्यामुळे इथे वळणात गाडीला धरून ठेवायला भिंतीसारखा उतार नाही. सरळ भागात वेग घ्यायचा, जोरात ब्रेक मारायचा, गाडी वळवायची आणि मागची चाकं न घसरवता पुन्हा ॲक्सिलरेटर दाबायचा. एक लॅप सुमारे 27 सेकंदांत संपते.

2018 च्या 17.8 कोटी डॉलरच्या नूतनीकरणात सुरुवातीची रेषा हलवून ‘डॉगलेग’ या वाकड्या भागाच्या जरा आधी आणली. या एका बदलाने इथला रीस्टार्ट, म्हणजे संथ झालेली शर्यत पुन्हा सुरू होण्याचा क्षण, बघण्यासारखा झाला. हिरवा झेंडा पडला की गाड्या ट्रॅक सोडून आतल्या सपाट डांबरावर उतरतात आणि पहिल्या वळणापर्यंत चार-चार, पाच-पाच गाड्या शेजारी शेजारी धावतात. तिकिटाच्या पैशातले निम्मे इथेच वसूल.

उरलेले निम्मे वसूल होणं जरा कठीण. 2022 मध्ये आलेल्या नव्या गाडीत पाच गिअरचा सिक्वेन्शियल बॉक्स आहे. फिनिक्सवर चालक प्रत्येक लॅपला गिअर खाली-वर करतात. पूर्वी वळणातून निघताना चूक झाली की इंजिन मंदावायचं आणि मागच्याला संधी मिळायची. आता एक गिअर खाली टाकला की ती चूक झाकली जाते. रुंद टायर आणि मोठे ब्रेक यांमुळे ब्रेक मारायचं अंतरही कमी झालं, म्हणजे आत घुसायची जागाही गेली. त्यात पुढच्या गाडीने ढवळलेल्या हवेत मागच्या गाडीचं नाक हलकं पडतं. ती ‘टाइट’ होते, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं तरी पुढची चाकं बाहेरच सरकत राहतात. पहिल्या क्रमांकावरच्याला स्वच्छ हवा मिळते, म्हणून तो पहिलाच राहतो. ही गाडी 670 अश्वशक्तीची होती. दीड मैलाहून लहान ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅकसाठी 2026 पासून 750 अश्वशक्ती ठरली, तो याच तक्रारीवरचा उपाय. मागची चाकं जास्त फिरली तर टायर झिजतील, आणि टायर झिजले की चालकाचं कसब दिसेल, असा त्यामागचा हिशोब.

ट्रॅकवर जागा मिळत नाही, म्हणून ती पिट रोडवर, म्हणजे गाड्या टायर-इंधनासाठी थांबतात त्या रस्त्यावर, मिळवावी लागते. भिंत ओलांडून पाच जण येतात: दोघे चाकं काढ-घाल करणारे, एक टायर वाहणारा, एक जॅकवाला, एक इंधनवाला. पूर्वीचे पाच नट जाऊन आता चाकाला मधोमध एकच नट आहे. चांगला संघ चार टायर नऊ-दहा सेकंदांत बदलतो, दोनच बदलले तर निम्म्याच्या आसपास वेळ लागतो. पिटची जागा पात्रता फेरीतल्या क्रमाने निवडता येते, आणि पहिला सहसा बाहेर पडण्याच्या टोकाची जागा घेतो, कारण तिथे पुढे कुणाची गाडी आडवी येत नाही. 2021 मध्ये काइल लार्सनकडे हीच जागा होती. तीसेक लॅप उरल्या असताना मागे पडलेल्या एका गाडीच्या फुटलेल्या ब्रेकमुळे पिवळा झेंडा, म्हणजे गाड्या संथ चालवायचा इशारा, लागला. लार्सन चौथा पिटमध्ये गेला, पहिला बाहेर आला आणि तिथेच चॅम्पियन ठरला.

2025 ला तर कळस झाला. डेनी हॅमलिनने 208 लॅप आघाडी सांभाळली होती. तीन लॅप उरल्या असताना विल्यम बायरनचा टायर गेला, तो भिंतीवर आदळला आणि पिवळा झेंडा फडकला. हॅमलिनच्या संघाने चार टायर घेतले, लार्सनच्या संघाने दोन. ठरलेल्या लॅपनंतरचा ओव्हरटाइम म्हणजे फक्त दोन लॅपची धाव. तेवढ्यात मधल्या गर्दीतून वर येणं हॅमलिनला जमलं नाही. लार्सन तिसरा, हॅमलिन सहावा, आणि हंगामाचं विजेतेपद, दावेदारांत पुढे राहिल्याने, एकही लॅप आघाडीवर न राहिलेल्या लार्सनकडे. चार टायर घेणं चूक होती का? कागदावर नाही. पण पुढे असलेल्या संघाची अडचण अशी की निर्णय त्याने आधी घ्यायचा असतो, आणि मागचे मुद्दाम त्याच्या उलट करतात. टायर फार न झिजणाऱ्या ट्रॅकवर दोन लॅपसाठी ताज्या रबरापेक्षा जागा महाग असते, असं आमचं मत. (निकाल लागल्यावर हे सांगणं सोपं आहे, हेही कबूल.)

बिघाड कुठे होतात तेही ध्यानात ठेवा, म्हणजे पिवळा झेंडा अचानक वाटणार नाही. पहिला धोका ब्रेकचा. प्रत्येक लॅपला दोनदा जोरदार ब्रेक, आणि डिस्कला थंड व्हायला मधे पुरेसा वेळ नाही. हवा घेणाऱ्या नळ्या संघ थोड्या झाकतात, कारण त्याने हवेचा अडथळा कमी होतो. जास्त झाकल्या तर डिस्क तडकते. 2023 मध्ये विजेतेपदाच्या चार दावेदारांपैकी क्रिस्टोफर बेलची पुढची डिस्क शंभरेक लॅपनंतर फुटली आणि त्याचा हंगाम भिंतीवर संपला. दुसरा धोका टायरचा. हवा कमी ठेवली तर सुरुवातीला पकड चांगली मिळते, म्हणून संघ शिफारशीपेक्षा खाली जायचा मोह करतात. मग टायरची बाजू जास्त वाकते, तापते आणि सुटते. तिसरा धोका पिट रोडवरच्या वेगमर्यादेचा. गाडीत स्पीडोमीटर नसतो. चालक इंजिनचे फेरे आणि डॅशवरचे दिवे बघून वेग राखतो. जराशी हद्द ओलांडली की रांगेच्या शेवटी. एवढ्या छोट्या ट्रॅकवर तिथून परत पुढे येणं म्हणजे दिवस गेलाच.

नियमांचं काय? 2014 ते 2025 पर्यंत अंतिम शर्यतीत चौघेच विजेतेपदाचे दावेदार असत आणि त्यांच्यात जो पुढे, तो चॅम्पियन. बाकीच्या तीसहून जास्त गाड्या नेहमीसारख्याच धावत. 2023 ला शर्यत रॉस चॅस्टेनने जिंकली आणि मुकुट रायन ब्लेनीला मिळाला, तो यामुळेच. याची सर्वांत कडू चव शनिवारच्या खालच्या मालिकेने दिली: 2025 मध्ये कॉनर झिलिशने दहा शर्यती जिंकल्या आणि विजेतेपद त्या दिवशी जिंकलेल्या जेसी लव्हने नेलं. नाट्य भरपूर, न्याय बेताचा. आमचे दोन गुण कापले गेले त्यातला एक याच्याच खात्यावर.

आता बघण्याची व्यवस्था. खालच्या रांगेतलं स्वस्त तिकीट टाळा. तिथून समोरून झपकन जाणाऱ्या गाड्या दिसतात, पण पिट रोड आणि पलीकडची वळणं दिसत नाहीत. वरच्या रांगा घ्या आणि नकाशात सुरुवातीची रेषा, डॉगलेग आणि पिटमधून बाहेर पडायचं तोंड तिन्ही नजरेत येतात का, ते तपासा. संघांचा रेडिओ ऐकायचा स्कॅनर आणि हेडसेट भाड्याने मिळतो, तो घ्याच. चालक, डावपेच ठरवणारा क्रू चीफ आणि वरून बघणारा स्पॉटर यांचं बोलणं ऐकल्याशिवाय मधल्या दोनशे लॅपना अर्थ नाही. फोनवरच्या ॲपवर तेच बोलणं काही सेकंद उशिरा पोचतं. लहान मुलं असतील तर हेडसेटच्या आत फोमचे बोळेही घालायला लावा. वाळवंटातलं दुपारचं ऊन टोचतं, टोपी आणि पाणी विसरू नका.

पहिला टप्पा 60 व्या लॅपला संपतो, दुसरा 185 व्या. दोन्ही वेळा पिवळा झेंडा ठरलेला. निम्मं स्टेडियम तेव्हाच खायला उठतं आणि नेमके पिट स्टॉप चुकवतं. त्यापेक्षा रीस्टार्टनंतर पंधरा लॅप बसा, गाड्यांची एकामागोमाग रांग लागली की उठा. पंचवीस लॅप म्हणजे सव्वाअकरा मिनिटं, तेवढ्यात परत या.

2026 पासून चौघांची ती पद्धत बाद झाली आणि हंगामाची अखेर फ्लॉरिडात होमस्टेडला गेली. तिथे दीड मैलाचा ट्रॅक, 18 ते 20 अंशांचा वाढता कल, 267 लॅप आणि टायर खाणारं जुनं डांबर. भिंतीला चिकटून धावणाऱ्या गाड्या बघायच्या असतील तर तिकीट तिथलं काढा. फिनिक्सला जायचं ते पाचही माणसं भिंतीवरून उडी मारतात ते दहा सेकंद बघायला.