तंबाखू-प्रतिबंधाचे तास कसे घ्यायचे, शिक्षकांचं ट्रेनिंग (ठाणे) – माझा अनुभव

आमच्या शाळेतून मला आणि पीटीच्या सरांना पाठवलेलं. नौपाड्यात एका शाळेच्या हॉलमध्ये दिवसभराचं ट्रेनिंग होतं, फी नाही, विषय मुलांना सिगरेटपासून लांब ठेवण्याचे तास वर्गात कसे घ्यायचे. संस्थेचं नाव नाही लिहीत कारण खाली थोड्या तक्रारी पण आहेत, पण एक आधीच सांगते, संधी मिळाली तर नक्की जा.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे आम्हाला नुसतं बसवून ठेवलं नाही, तास आमच्याकडूनच करवून घेतला. जोड्या पाडल्या, एकाने मित्र व्हायचं आणि म्हणायचं "एक कश मार ना, काय होतंय, घाबरतोस काय", दुसऱ्याने नाही म्हणायचं. आणि आम्ही सगळे शिक्षक लगेच भाषणावर, तंबाखूने कॅन्सर होतो, आईवडिलांचा विचार कर वगैरे. ट्रेनर मॅडमनी तिथेच थांबवलं, म्हणाल्या आठवीतला मुलगा मित्राशी असं कधी बोलेल का? त्याला छोटं वाक्य लागतं, "नको रे, मला मॅच आहे", "मला नाही आवडत, चल निघू", आणि ते त्याने स्वतः शोधलेलं पाहिजे, वर्गात चार वेळा मोठ्याने म्हटलेलं पाहिजे, म्हणजे वेळ आली की तोंडातून निघतं. हे इतकं पटलं मला! इतकी वर्षं आपण मुलांना 'नाही म्हणा' सांगतो, पण कसं म्हणायचं याची प्रॅक्टिस कधी घेतच नाही.

दुसरी अॅक्टिव्हिटी चिठ्ठ्यांची. मुलांनी नाव न घालता लिहायचं की तुमच्या वयाच्या १०० मुलांमधली किती तंबाखू खात किंवा ओढत असतील. मी माझ्या आठवीच्या वर्गात करून पाहिलं, बहुतेकांनी निम्म्याच्या आसपास लिहिलेलं. मग फळ्यावर खरा आकडा लिहायचा, २०१९ च्या देशभराच्या शालेय सर्व्हेत १३ ते १५ वयाची ८.५ टक्के मुलं. म्हणजे शंभरातली नव्वदहून जास्त मुलं तंबाखू घेत नाहीत. 'सगळेच करतात' हे डोक्यातून निघालं की अर्धा दबाव तिथेच कमी होतो, आणि त्या दिवशी वर्गात जी चर्चा झाली ती मी कितीही भाषण दिलं असतं तरी झाली नसती.

घाबरवणारे फोटो दाखवू नका असंही सांगितलं. पाकिटावर तेच फोटो असतात, मुलं रोज टपरीवर बघतात, आणि चाळीस वर्षांनी होणारा आजार त्यांना आपला वाटत नाही. त्यापेक्षा तोंडाचा वास, पिवळे दात, फुटबॉल खेळताना लागणारा दम, महिन्याचे पैसे यावर बोला. निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं म्हणून सवय इतकी पटकन लागते, हे पण मुलं नीट ऐकतात.

आता तक्रारी. पूर्ण मॉड्यूल सिगरेटभोवती! अहो महाराष्ट्रात २०१६-१७ च्या सर्व्हेत मोठ्या माणसांत ओढणारे ३.८ टक्के आणि धूर नसलेली तंबाखू घेणारे २४.४ टक्के. आमच्या कळव्याच्या मुलांच्या घरात आजीची मिशरी असते, वडिलांची तंबाखू-चुन्याची डबी असते, गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे तरी पुडी माहीत नाही असं मूल सापडायचं नाही. त्याच शालेय सर्व्हेत चघळायची तंबाखू घेणाऱ्या मुलांपैकी अर्ध्याहून जास्त जणांनी दहा वर्षांचे व्हायच्या आधीच सुरुवात केलेली आहे, मग माव्याचा रोल-प्ले नको का? आणि ट्रेनिंगला बोलावलेलं कोणाला, तर आठवी-नववीच्या शिक्षकांना. पाचवी-सहावीचे वर्गशिक्षक आधी हवेत.

मी विचारलं, बाबाच मुलाला पुडी आणायला पाठवतात त्या मुलाला काय सांगायचं. उत्तर फार चांगलं दिलं, बाबांना वर्गात वाईट ठरवायचं नाही, सवय सुटणं अवघड असतं एवढंच म्हणायचं आणि क्विटलाइनचा (तंबाखू सोडायला फोनवर मदत करणारी सेवा) फ्री नंबर १८००-११-२३५६ सगळ्याच मुलांना वहीत लिहायला लावायचा, म्हणजे कोणी एकटं पडत नाही. हे पुस्तिकेत छापायला हवं होतं, विचारलं नसतं तर कोणाला कळलंच नसतं.

कायद्याचा भाग जेवणानंतर घाईत उरकला, शाळेपासून १०० यार्डांत विक्री नाही, १८ च्या खाली विकायचं नाही, ती हद्द दाखवणारी पिवळी रेषा वगैरे. ई-सिगरेटचे फोटो मात्र कामाचे होते, २०१९ पासून बंदी आहे पण काही अगदी पेनड्राइव्हसारख्या दिसतात, दप्तरात दिसली असती तरी मला कळलं नसतं.

अजून एक, अॅक्टिव्हिटी वीस-पंचवीस मुलांच्या हिशोबाने बनवलेल्या, आमच्याकडे एका वर्गात साठ आणि तास पस्तीस मिनिटांचा. मी बाकावरच्या शेजाऱ्याशीच जोडी लावली आणि एका तासाचे दोन केले, तसं जमतं. नंतर शाळेत येऊन एक तास बघू म्हणालेले, अजून कोणी आलेलं नाही, आणि खरं तर चुका तिथेच कळतात.

पाचपैकी चार देईन. मुख्याध्यापकांनी नावं पाठवताना पाचवी-सहावीच्या बाईंची पण पाठवा, आणि संस्थेला आधीच फोन करून सांगा की आम्हाला मावा-मिशरीवरचा तास आणि मराठी पुस्तिका हवी, कारण आम्हाला मिळाली ती जाड पुस्तिका इंग्रजीत होती, मराठीत फक्त दोन-चार पानं.