यामाहा एन्ड्युरो १५ : खाऱ्या पाण्यात १७ वर्षं

देवबागच्या एका पोराने परवा विचारलं, "दादानु, जुनी टू-स्ट्रोक घेव, की थांबान नवी फोर-स्ट्रोक?" उभ्या उभ्या सांगून संपेना, म्हणून लिहायला बसलो.

माझ्याकडचं मशीन, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन, यामाहा एन्ड्युरो, १५ हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर. काकांनी २००८ साली नवंकोरं घेतलं. काकांचे गुडघे गेल्यावर, म्हणजे २०१६ पासून, माझ्या हाती आहे. मालवणच्या दांडीवरून फायबरची होडी काढतो, पावसाळी मासेमारी बंदीचे महिने आणि वादळवारा सोडला तर जवळजवळ रोज. इतक्या वर्षांत त्याने मला दोनदा वल्ही मारायला लावली. त्यातल्या एकदा मशीनचा दोष नव्हता, ते पुढे सांगतो.

याचं मोठेपण साधेपणात आहे. फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, इंजिन ऑइलची वेगळी टाकी नाही, बॅटरी नाही. चोक ओढायचा, दोरी ओढायची. थंडीतल्या पहाटेही तिसऱ्या ओढीला बोलतं. एकदा निवतीच्या बाजूला असताना दोरीची स्प्रिंग तुटली. वरचं झाकण आणि स्टार्टर चार बोल्ट काढून बाजूला केला, जाळ्याच्या दोरीला गाठ मारली, गाठ फ्लायव्हीलच्या (इंजिनावरच्या जड चाकाच्या) खाचेत अडकवून दोन वेढे दिले आणि ओढलं. चालू करून घरी आलो. (उघडं फ्लायव्हील फिरताना सदऱ्याची बाही आणि बोटं लांब ठेवा.) वजन ३६ किलोच्या आसपास. याच ताकदीची फोर-स्ट्रोक ५० किलोच्या आसपास जाते. ओहोटीला खांद्यावर घेऊन वाळू तुडवणाऱ्याला तो फरक सांगावा लागत नाही.

आता धारेबद्दल. मशीन चालू असताना मागून पाण्याची एक धार पडते. खाली गिअरबॉक्सच्या वर रबरी पात्यांचा इम्पेलर असतो, तो समुद्राचं पाणी वर ढकलतो, ते सिलिंडरभोवती फिरून बाहेर पडतं. धार बारीक झाली की मशीन तापतंय असं समजायचं. २०१९ च्या जानेवारीत किल्ल्याच्या मागे खडकांच्या तोंडाशी असताना धार बारीक झाली, मग नुसती वाफ. लगेच बंद केलं आणि वल्ही घेतली. वारा मतलई होता, जमिनीकडून येणारा, त्यामुळे परत यायला दीड तास लागला.

घरी खालचा भाग उतरवला तर इम्पेलरची दोन पाती गायब. चार महिन्यांपूर्वीच एका दुकानातून अस्सल म्हणून, अस्सलच्या किमतीत घेतलेला. रबर हाताला प्लॅस्टिकसारखं कडक लागत होतं. एक पातं पंपातच सापडलं. दुसरं शोधायला अर्धा तास गेला, ते पाणी वर नेणाऱ्या नळीच्या तोंडात आडवं बसलेलं. इथे लोक चुकतात. नवा इम्पेलर टाकतात आणि तुटलेले तुकडे आत तसेच राहतात, मग आठ दिवसांत मशीन पुन्हा तापतं. सगळे तुकडे जुळवून बघा, इम्पेलर पुरा झाला तरच उघडलेलं मशीन परत जोडा. तेव्हापासून दर वर्षी बंदीत तो बदलतो, आणि विकत घेताना पातं बोटाने वाकवून बघतो. लगेच सरळ व्हायला हवं. उतरवलेल्या बोल्टांना ग्रीस लावल्याशिवाय परत बसवू नका. स्टीलचा बोल्ट अॅल्युमिनियममध्ये मिठाने असा धरतो की पुढच्या वर्षी डोकंच तुटून हातात येतं.

काका म्हणायचे, "झिला, मशीन मीठ खाता. तेका रोज गोडा पाणी पाजूक होया." होडी वर आली की मशीन पिंपात उभं करून गोड्या पाण्यावर १० मिनिटं चालवतो. शेवटी पेट्रोलची नळी काढून ते आपोआप बंद पडू देतो, म्हणजे कार्बोरेटरात पेट्रोल उरत नाही. उरलं तर ते उडून जातं, तेल मागे राहतं आणि बारीक जेट (पेट्रोल जायची भोकं) चिकटतात. "मशीन चालूच होईत नाय" म्हणून आणलेल्या मशीनमध्ये मी बहुतेक वेळा हेच बघितलंय.

पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल ५० ला १, म्हणजे २० लिटरच्या कॅनला ४०० मिली. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ असं लिहिलेलं घ्या. स्कूटरचं टू-टी तेल स्वस्त पडतं, पण ते हवेवर थंड होणाऱ्या गरम इंजिनासाठी बनवलेलं असतं. पाण्यावर थंड राहणाऱ्या मशीनमध्ये त्याची राख पिस्टनच्या रिंगांना चिकटते. 'जरा जास्त' तेलही नको, प्लग ओले होतात. आणि हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं मिश्रण महिनाभर भरून ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ते तळाला बसतं आणि नळी तळातूनच ओढते. मी रोजच्या फेरीपुरतंच मिसळतो. जुन्या रबरी नळ्या आणि फ्युएल पंपाचा पडदाही बदलून घेतलाय.

खर्चाला मात्र हे मशीन जड आहे. पूर्ण थ्रॉटलवर माझं मोजमाप तासाला ६ ते ७ लिटर. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येतं तेव्हा धूर जायची वाटही उघडी असते, काही पेट्रोल न जळताच बाहेर जातं. तेच पाण्यावर तवंग होऊन दिसतं. तारकर्लीला पर्यटक घेऊन हळूहळू फिरवायचं असेल तर फोर-स्ट्रोकच घ्या, धूर आणि आवाज माणसांच्या तोंडावर नको. पहाटे जाऊन जाळी ओढून यायचं असेल, मशीन स्वतः उघडायची तयारी असेल, तर जुनं एन्ड्युरो मी डोळे झाकून नाही, पण उघडे ठेवून नक्की घेईन.

बघायला जाल तेव्हा मालकाला आधी चालू करून ठेवू देऊ नका. मशीनच्या डोक्याला हात लावून थंड आहे ना बघा. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, जवळजवळ सारखं हवं. मग गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू सैल करून तेल बोटावर घ्या.

रविवारी त्या पोराबरोबर आचऱ्याला एक मशीन बघून आलो. रंग चकचकीत, दुसऱ्या ओढीला चालू, धार जाडजूड. स्क्रू सैल केला तर तेल दुधासारखं पांढरं, म्हणजे सीलमधून पाणी आत गेलेलं. मालक म्हणाले, सीलचाच प्रश्न आहे. असेलही. शाफ्टवर गंज किती चढलाय ते आमच्यासमोर उघडून दाखवा, मग पैशाचं बोलू, असं सांगून आलोय. येत्या रविवारी उघडणार आहेत.